एका डिस्कवर दोन कॉम्प्युटर

निवृत्त वजनमापे निरीक्षकांनी छातीठोकपणे जाहीर केलं, की नवा कॉम्प्युटर सुरू करायला मेकॅनिक बोलवायची काही गरज नाही. बायकोच्या कॉम्प्युटरबरोबर आलेली डिस्क कपाटात होती, पाकिटावर पंचवीस अक्षरांची लायसन्स की छापलेली होती, आणि वाचता तर त्यांना येत होतंच! लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आईचा कॉम्प्युटर चांगला चालतोय की. तोच वापरा ना." त्यावर त्यांनी विषय बदलला.

तो कसा वापरणार? आठ महिन्यांपूर्वी दवाखान्यात जाताना बायको त्यावरचा पत्त्यांचा डाव अर्धा टाकून उठली होती. आल्यावर पुरा करते म्हणाली, आणि आलीच नाही. तेव्हापासून तो कॉम्प्युटर कुणी बंद केला नव्हता. बटणावर निरीक्षकांनी चिठ्ठी चिकटवली होती: 'बंद करू नये.' घरात वाचणारे ते एकटेच, तरी खाली सही आणि तारीख!

त्यांनी नव्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क घातली. पंचवीस अक्षरं टाइप करायला पाऊण तास लागला, आणि पडद्यावर उत्तर आलं, की ही की आधीच वापरात आहे, अमुक क्रमांकावर फोन करा. फोनवर रेकॉर्ड केलेली बाई होती. तिने गोड आवाजात विचारलं, "ही डिस्क किती कॉम्प्युटरवर वापरली आहे?"

"दोन," निरीक्षक म्हणाले.

"क्षमस्व. एका लायसन्सवर एकच कॉम्प्युटर चालतो."

चार वेळा फोन केला, चारही वेळा दोनच सांगितलं. दुसरा नुसता ठेवलेला असतो, हेही समजावून पाहिलं. बाईला पाझर फुटेना. लेक म्हणाली, एक म्हणा आणि मोकळे व्हा. झालं! ज्यांनी चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू जप्त केले, सख्ख्या मेव्हण्याचाही काटा सोडला नाही, त्यांना पोटची पोर मापात पाप शिकवत होती. नियम म्हणजे नियम. एकच चालत असेल, तर जुना बंद करून पुसायचा!

ते तिरीमिरीत बायकोच्या खोलीत गेले, चिठ्ठी सोलून काढली आणि माउस हलवला. पडदा उजळला. किलवर राजावर बदाम राणी ठेवायची तेवढी राहिली होती. डाव अडला की ती खुशाल मागच्या चाली परत घ्यायची. ही फसवणूक आहे, असं ते बजावायचे, तर म्हणायची, "माझाच डाव. कुणाचं काय जातंय?"

निरीक्षकांचा हात बटणापर्यंत गेला. पण त्यांच्याने होईना. चिठ्ठी पुन्हा लावायला गेले, तर डिंक सुकलेला. मग एका हाताने चिठ्ठी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"किती कॉम्प्युटरवर वापरली आहे?"

"एक," ते पुटपुटले.

"क्षमस्व, ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

"एक."

"कृपया मोठ्याने सांगा."

जन्मात खोटं न बोललेल्या माणसाला तेच खोटं तिसऱ्यांदा, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडावं लागलं. बाईने धन्यवाद देऊन एक क्रमांक सांगितला. तो टाकताच नवा कॉम्प्युटर निमूट सुरू झाला. त्याच्याकडे बघायची निरीक्षकांना इच्छाच झाली नाही.

ते परत तिच्या खुर्चीत येऊन बसले. "कुणाचं काय जातंय," असं त्या राणीकडे बघत म्हणाले, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच पोटभर रडले.

मग डोळे पुसून त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. 'बंद करू नये.' सही केली, तारीख घातली. तरी मनाला राहवेना, म्हणून खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'कॉम्प्युटर क्रमांक दोन.'