जयसिंगरावांच्या बाटल्या

बंगळूरला परत जाण्यापूर्वी पुतण्या श्यामने जयसिंगरावांच्या जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढलं आणि लिनक्स घातलं. आता व्हायरसची कटकट नाही, असं सांगून तो गेला. कटकट गेली, पण जयसिंगरावांच्या पत्नी कुसुमताईंचे प्रोग्रॅम चालेनासे झाले. पत्रिकेचा, शब्दकोड्यांचा, रांगोळीचा, सगळे विंडोजसाठी केलेले. लिनक्स त्यांना ओळखच दाखवेना. पत्रिकेवाचून जयसिंगरावांचं काही अडत नव्हतं. पण गेल्या वर्षी कुसुमताई गेल्या, तेव्हा त्यांची एक रांगोळी त्या प्रोग्रॅममध्ये अर्धी राहिली होती.

श्यामने फोनवर उपाय सांगितला. वाईन नावाचा प्रोग्रॅम घातला की विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात. ते एकमेकांत गुंतू नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळा कप्पा द्यायचा. त्या कप्प्याला म्हणायचं बाटली. जयसिंगराव निवृत्त ड्राफ्ट्समन, नीटनेटकेपणा अंगात मुरलेला. ते बाटल्या लावायला बसले.

ऐकू कमी येत असल्यामुळे फोनवर ते मोठ्याने बोलत. कोथरूडच्या त्या सोसायटीत दोन घरांच्या गॅलऱ्या एकमेकींना चिकटलेल्या. कपडे वाळत घालताना शेजारच्या सरोजिनीबाईंच्या कानावर पडलं, "अरे, वाईनशिवाय काही चालतच नाही. कुसुमची बाटली वेगळी ठेवलीय. सकाळपासून बसलोय, जेवायचंसुद्धा राहिलं."

संध्याकाळी सरोजिनीबाई थालीपीठं घेऊन आल्या. बरोबर सोसायटीचे सेक्रेटरी रज्जाकभाई. या घरात कोणी बसायला येऊन इतके महिने झाले होते, की जयसिंगरावांना आधी खुर्च्यांवरची वर्तमानपत्रं उचलावी लागली.

रज्जाकभाई पाण्याच्या टाकीवर बोलले, पार्किंगवर बोलले. मग हळूच म्हणाले, "कधीपासून चाललंय हे?"

"श्याम गेल्यापासून. त्यानेच लावून दिलं."

"पुतण्याने?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "गुणी आहे हो."

"एकटेच बसता?" रज्जाकभाईंनी विचारलं.

"दुसरं कोण आहे?" जयसिंगराव म्हणाले. "कुसुमची आठवण आली की बसतो. आज फार बरं वाटलं."

सरोजिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. उद्याच लिव्हर तपासून घेऊ, असं रज्जाकभाई म्हणाले, तेव्हा कुठे जयसिंगरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना हसू फुटायच्या बेतात होतं. कॉम्प्युटर वळवून दाखवावा म्हणून ते उठले. स्क्रीनवर कुसुमताईंची अर्धी रांगोळी होती.

सरोजिनीबाई मागून सांगत होत्या, की आता एकट्याने बसायचं नाही, रात्रीचं जेवण आमच्याकडे. रोज संध्याकाळी रज्जाकभाई टेकडीवर घेऊन जाणार होते. परतल्यावर बुद्धिबळ.

स्क्रीनवर ठेवलेला जयसिंगरावांचा हात तिथेच थांबला. मग ते परत येऊन बसले आणि त्यांनी थालीपीठाचा तुकडा मोडला.

"सुटेल ना हो?" रज्जाकभाईंनी विचारलं.

जयसिंगरावांनी बराच विचार केला.

"सुटेल," ते म्हणाले. "पण एकदम नाही. वर्ष-दोन वर्षं तरी माझ्या मागे लागून राहावं लागेल तुम्हाला."