शेपटीवाले मणी

पोपटराव इनक्युबेटरचं दार उघडण्याआधी त्यावर बोटानं टकटक करतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दार अडकत असेल. विचारलं तर म्हणाले, "आत जिवंत मंडळी हायेत, मॅडम. न विचारता कसं घुसायचं?"

ताथवड्याच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत ते मदतनीस आहेत. चाकणजवळच्या गावचे. तीस वर्षं एका कंपनीच्या तपासणी खात्यात काढली, कंपनी बंद झाली आणि हे आमच्या पदरात पडले. आमचं काम सांगायला सोपं. समुद्री शेवाळापासून काढलेल्या चिकट द्रावात इन्सुलिन तयार करणाऱ्या जिवंत पेशी मिसळायच्या आणि सुईतून थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचे. थेंब पाण्याला लागला की गोठतो, साबुदाण्यासारखा मणी होतो. साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येतं, पण शरीराचे पहारेकरी, म्हणजे परक्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आत शिरू शकत नाहीत. पुढेमागे मधुमेही माणसाला हे मणी देता यावेत, यासाठी सगळा खटाटोप.

या विषयात डॉक्टरेट माझी, पण थेंब सोडावा तो पोपटरावांनीच. "तुमचा हात घाई करतो," असं माझ्या तोंडावर सांगतात. खरं आहे, म्हणून जास्त राग येतो.

मग भिंगाखाली एकेक मणी तपासतात. गोल तो पास. शेपटी आली की रिजेक्ट, लाल झाकणाच्या डबीत. शेपटीवाल्याला शरीर परका समजून घेरतं, म्हणून असे मणी त्याच दिवशी मारून टाकायचे, हा नियम.

दुपारी एकला मात्र न चुकता बाहेर जाऊन फोन लावतात. "टोचली का?" एवढंच विचारतात, "बरं" म्हणतात, ठेवतात. कुणाला, काय, मी कधी विचारलं नाही. असेल काहीतरी घरचं.

मागच्या महिन्यात एका रविवारी विसरलेला चार्जर आणायला गेले, तर हे महाशय हजर. चाकणहून बस बदलत आलेले. समोर लाल झाकणाच्या डब्या, आणि हे त्यातलं पोषक पाणी बदलताहेत. महिन्याभराचे सगळे शेपटीवाले जिवंत. माझं टाळकंच सरकलं.

"पोपटराव, नियम कळतो ना? उद्याच्या उद्या हे सगळं फेकायचं."

"फेकतो. पर एकदा तपासून तरी बघा. कंपनीत आमी माल न मोजता भंगारात न्हाई टाकला कधी."

सोमवारी तपासले, निव्वळ त्यांचं तोंड बंद करायला. मण्यांना साखरेचं पाणी दिलं आणि किती इन्सुलिन सुटलं ते मोजलं. गोल मण्यांइतकंच. मी आकडे दोनदा पाहिले आणि अंगावर काटा आला. शेवाळाच्या एवढ्याशा थेंबात कोंडलेले ते जीव, आम्ही टाकाऊ ठरवलेले, साखर आली की मुकाट आपलं काम करत होते. कॉलेजात शिकवायला जाते तेव्हा यावर तासन्‌तास बोलते मी. त्या दिवशी भिंगाखाली एकेक शेपटीवाला पुन्हा पाहिला.

पोपटराव हळूच म्हणाले, "ह्ये माणसाला कधी मिळंल?"

"वर्षं लागतील. सांगता येत नाही."

"लागू द्या. आमची लेक सुमी एकोणतीसची हाय. नवव्या वर्षापास्नं इन्सुलिन टोचती. पाच स्थळं आली. टोचायचं कळलं की माणसं अर्धा चहा टाकून उठत्यात. आता ती कुणापुढं बसायलाच न्हाई म्हणती."

मी डबीवरची 'रिजेक्ट' चिठ्ठी खरवडून काढली आणि नवी लावली: 'ठेवणे. किती दिवस जगतात ते पाहणे.' शरीरात घालायचे नसतील, तर शेपटीनं काय बिघडतं?

एक वाजला होता. पोपटराव दारातच उभे राहून फोन लावत होते.

"सुमे, टोचली का? बरं."

पण आज फोन ठेवला नाही.

"आनि ऐक. त्ये शेपटीवाले सांगितले व्हते ना तुला? पास झाले."