कुणी आवळलाय?

ईरा, निहार, आपल्या शेजारच्या शिवाप्पांना काहीही उघडायला दिलं, की ते आधी वस्तूकडे पाहत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कुणी आवळलंय?"

साखर कारखान्यात जन्मभर फिटर असलेल्या या माणसाचा कायदा एकच: ज्यानं आवळलं, सोडवायचा हक्क त्याचाच. गल्लीतल्या नळाचा कॉक अडकला, तेव्हा तो बसवणारा प्लंबर मुरगूडला राहायला गेला होता. शिवाप्पांनी पान्याला हात लावला नाही. दोन दिवस आम्ही पलीकडच्या गल्लीतून घागरी आणल्या. प्लंबर आला आणि त्यानं दोन बोटांनी कॉक फिरवला. शिवाप्पांनी कोर्टात केस जिंकल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं. कोपऱ्यावरच्या सुनेच्या पैंजणाची फिरकी रुतली, तर ती बसवणाऱ्या कारागिराकडे जा म्हणून तिला त्यांनी सरळ हुपरीच्या बसमध्ये बसवून दिलं.

त्यांच्या स्वयंपाकघरात लोणच्याची एक बरणी आहे. आतल्या फोडी काळ्या ठिक्कर. मला असलं काही पाहवत नाही. टाकून द्या, असं मी दोनदा सांगितलं. "झाकण निघत न्हाई," एवढंच ते म्हणाले.

तुम्ही सुट्टीत येणार म्हणून मला झोपाळ्याला नवी फळी कापून हवी होती. माळ्यावरून तुमच्या आजोबांची विजेवर चालणारी गोल करवत काढली. पातं गंजलेलं. ते बदलायचं तर मधला बोल्ट सुटायला हवा. प्लग काढलेला आहे ना, हे दोनदा पाहिलं, पातं फिरू नये म्हणून दातांशी लाकडाचा तुकडा अडकवला आणि पान्यानं डावीकडे जोर लावला. तासभर. शेवटी शिवाप्पांना हाक मारली.

"कुणी आवळलाय?"

"यांनी," मी म्हणाले. तुमच्या आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

शिवाप्पा खाली बसले. मी कसा जोर लावला, ते करून दाखवायला लावलं. मग घरी गेले. पुढचे चार दिवस रोज सकाळी यायचे, करवतीसमोर बसून चहा प्यायचे आणि उठून जायचे. तुम्ही यायला आठवडा उरला होता. सुताराला बोलावते म्हटलं, तर दुखावल्यासारखं पाहिलं.

पाचव्या दिवशी त्यांनी पाना माझ्या हातात ठेवला. "भाऊ न्हाईत. पण तुम्हीबी ह्यो आवळलाय, वहिनी. उलटे आटे हायत ह्याचे. सोडवायला म्हणून लावलेला सगळा जोर आवळण्यात गेलाय. तवा हक्क तुमचा."

मी उजवीकडे फिरवला. बोल्ट कुरकुरला आणि सुटला.

हे पहिल्याच दिवशी कळलं होतं ना, मी विचारलं.

"व्हय की. पण भाऊंच्या हातचं हुतं. तुमचं आवळणं त्यात धरायचं का न्हाई, ह्याचा इचार करत हुतो."

तेव्हा मला ती बरणी आठवली. त्यांच्या बायकोनं, रत्नाक्कानं, तीन वर्षांपूर्वी ते लोणचं घालून झाकण आवळलं; परत दुसरं घालायला ती राहिली नाही.

"शिवाप्पा," मी म्हणाले, "त्या बरणीचं झाकण मी एकदा आवळू का?"

ते उठून घरी गेले. संध्याकाळी आले, ते बरणी दोन्ही हातांत धरून. काच बाहेरून लख्ख पुसलेली होती. माझ्या ओट्यावर त्यांनी ती ठेवली, पण हात काढला नाही.

"जरा हळू आवळा," ते म्हणाले.