मल्लप्पाच्या घरात बसायचं नाही

मल्लप्पाच्या घरात टीव्हीवर शर्यत चालू असेल, तर बसायला बंदी आहे. घरात दिवाण आहे, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, पण धावणारे रेषेवर आले की मल्लप्पा त्या खुर्च्या एकात एक घालून दाराआड ठेवतो आणि दिवाणावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग ओततो.

"पोरगी तिकडं पळून राहिली, अन् तुमी हितं बूड टेकून बघणार? उठा सर, उठा!"

मी निवृत्त प्राध्यापक. वर्गात पोरांना उभं करण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्याची परतफेड मी मल्लप्पाच्या बैठकीत करतो.

पाण्याचाही नियम आहे. पळणाऱ्यांनी रस्त्याकडेच्या टेबलावरून पाणी उचललं, की आपण तांब्याला हात लावायचा. एकदा मी चहाचं नाव काढलं. "तिला तिकडं कुणी चहा दिऊन राहिलं का?" एवढंच तो म्हणाला. बायको गेल्यापासून घरात चहा करणाराही तोच आहे, त्यामुळे अपील करायला वरचं कोर्ट नाही.

या माणसाची मुलगी देशासाठी मॅरेथॉन पळते, हा निसर्गाचा विनोद आहे. मल्लप्पाचं उदगीरच्या मोंढ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्याच्याइतका संथ माणूस मी पाहिलेला नाही. पंक्चर काढताना तो ट्यूब अशी न्याहाळतो, जसा डॉक्टरनं एक्स-रे पाहावा. एकदा गिऱ्हाईक रडकुंडीला आलं, "मल्लप्पा, गाडी सुटून चालली की!" मल्लप्पानं स्टेशनच्या दिशेनं मान वळवली. "घाई कायकू? उद्या बी हाय ती." त्याच्याकडे सगळ्याला हेच उत्तर असतं.

त्याची शीतल मात्र निलंग्याच्या रस्त्यावर पळत पळत आधी तालुक्यात, मग पुण्याच्या शिबिरात आणि तिथून थेट केनियातल्या डोंगरावर पोचली. सराव तिकडे, शर्यती युरोपात. तिनं तिथल्या जेवणाचा फोटो पाठवला, मक्याच्या पिठाचा पांढरा गोळा आणि पालेभाजी. मल्लप्पानं तो मोठा करून पाहिला. "हे तर आपलं घाटंच हाय. ह्याच्यासाठी इतक्या लांब कायकू गेली?"

ती गावी आली की सत्कार होतात. मागच्या खेपेला प्रमुख पाहुणे इतके उशिरा आले की पोरीला मंडपात चक्कर आली. "शर्यतीत दमत न्हाई, सत्कारात दमती," मल्लप्पा म्हणाला. सत्काराच्या शाली त्यानं दुकानातल्या नव्या सायकलींवर झाकायला घेतल्या. धूळ अजिबात बसत नाही, असं तो कौतुकानं सांगतो.

यंदा मात्र त्याचा आवाज उतरला होता. शीतलची टाच दुखावली होती. महिनोन् महिने सराव बंद होता. आता जर्मनीतली एक शर्यत तिनं पुरी केली तरच केनियातल्या शिबिरात जागा राहणार होती, नाहीतर सामान बांधून घरी.

शर्यतीच्या दिवशी दुपारी आमच्या वॉर्डाचे भावी नगरसेवक विजूभाऊ हजर झाले. सोबत फेटा, हार आणि दोन हलगीवाले. चौकातला फ्लेक्स आदल्या दिवशीच लागला होता. त्यावर शीतल 'जगज्जेती' झालेली होती आणि विजूभाऊंचा फोटो तिच्या दुप्पट होता.

"आप्पा, खुर्ची?" विजूभाऊंनी विचारलं.

"न्हाई."

विजूभाऊ उभे राहिले. हलगीवालेही हलगी गळ्यात अडकवून उभे राहिले. सुरुवातीच्या गर्दीत शीतलची वेणी एकदा दिसली. मल्लप्पा म्हणाला, "ती बघा." तेवढंच. पुढे कॅमेरा पहिल्या पाच-सहा जणींना सोडायला तयार नव्हता. तास गेला, दुसरा गेला. विजूभाऊ एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होते. अखेर पहिली आली, दुसरी आली, गळ्यात फुलं पडली, राष्ट्रगीत झालं. आणि प्रक्षेपण संपून साबणाची जाहिरात लागली.

"संपलं की आप्पा," विजूभाऊ म्हणाले. "आपली न्हाई दिसली. सोडली असंल तिनं. टाच..." त्यांनी दाराआडची खुर्ची ओढली आणि बसले. मग थोड्या वेळानं फेटा काखेत मारून उठलेच. त्यांना लातूरला उद्घाटन होतं.

मल्लप्पा साबणाच्या जाहिरातीसमोर उभाच. मी म्हटलं, "बस की आता."

"घाई कायकू, सर? ती पळून राहिली."

"तुला काय माहीत?"

"हितं पळायची तवा मी मागं सायकल घेऊन असायचो. तिला मागं बघायची सवयच न्हाई लागली. सायकलची चेन वाजली की तिला कळायचं, आप्पा हाय." तो टीव्हीकडेच बघत होता. "तिकडं सायकल न्हाई नेता येत. मंग उभं तरी राहावं."

माझे गुडघे ठणकत होते. मी भिंतीला टेकलो, पण बसलो नाही.

फोन वाजला तेव्हा त्याच्या हातातून तो दोनदा निसटला. मीच उचलून स्पीकर लावला.

"आप्पा!" शीतल धापा टाकत होती. "पोचले. लई मागं हाय, पण पोचले. टाच टिकली. कोचसर म्हणले, शिबिरात राहा."

"हाव," मल्लप्पा म्हणाला.

"तुमी बसा आता."

"मी कवाच बसलो."

"खोटं नका बोलू. बसा."

"आधी तू बस."

"बसते." तिकडे काहीतरी खरडल्यासारखा आवाज आला. "हे घ्या, फुटपाथवर बसले."

मल्लप्पानं कपड्यांचा ढीग हातानं बाजूला सारला आणि दिवाणाच्या कडेवर टेकला. पाय इतके ताठले होते की वाकताना त्याला माझा खांदा धरावा लागला.

"आप्पा," ती म्हणाली, "शिबिर सुटायचं न्हाई मधी. दिवाळीला यायला नसंल जमत."

मल्लप्पानं घराकडे एकदा नजर फिरवली. दाराआडच्या खुर्च्या, स्वयंपाकघरातला एकटा स्टोव्ह. मग तो फोनच्या अगदी जवळ वाकला.

"घाई कायकू?" तो म्हणाला. "पाणी पी आधी."

तिच्या घोटांचा आवाज आला. तेव्हा कुठे मल्लप्पानं तांब्या उचलला.