नागराजाचा वर्षावास

आमच्या धाकट्या सोमचितने डोकं भादरून तीन महिन्यांसाठी भिक्खूचं चीवर घातलं, त्या वर्षीची ही गोष्ट. चीवर घातलं सोमचितने, उपास घडला सिंगथोंगला, आणि फजिती झाली ती माझी.

सिंगथोंग म्हणजे माझा नागराज. साडेअकरा फूट लांब, गळ्याखाली पिवळा. आमच्या गावात घर खांबांवर आणि घराखाली पाळलेल्या सापाची पेटी, असंच असतं. लग्न करून मी बुआलाच्या घरी नांदायला आलो, तेव्हा माझ्यासोबत एक गोधडी होती आणि एक पेटी. आमच्याकडे सगळेच घरजावई, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही. पेटीचं मात्र बुआलाला वाटलं. "तू वर राहा, ती खाली राहू दे. मी तिला हात लावणार नाही," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली. त्या पेटीतला सिंगथोंग तिसरा. एकतीस वर्षांत तिने झाकणाला बोट लावलेलं नव्हतं.

आता नागराजाचं खाणं म्हणजे साप. उंदीर चालत नाही, बेडूक चालत नाही. दर दहा-बारा दिवसांनी एक धामण हवी. तिचं पाप लागू नये म्हणून मी एक व्यवस्था केली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. धामण पकडायचा माझा मेहुणा ओनसा. पण तो काही मारत नसे, पकडून पोत्यात घालून आणून द्यायचा. मी पोतं पेटीत रिकामं करायचो, मीही काही मारत नसे. मारायचा सिंगथोंग, आणि त्याने पंचशील घेतलेलं नव्हतं. अशा रीतीने पापाचे तीन वाटे व्हायचे आणि तिसरा वाटेकरी जनावर असल्यामुळे हिशेब तिथेच मिटायचा.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला विहारातला मुक्काम, सुरू झाला आणि बुआलाने ही व्यवस्था मोडली.

"तीन महिने या घरात जीव जायचा नाही," ती म्हणाली. "पोरगा विहारात बसून पुण्य करतोय आणि बाप खाली धामणी सोडतोय. शोभतं का?"

"मी कुठे मारतो? सिंगथोंग मारतो."

"झाकण कोण उघडतं?"

"अगं, उघडलं नाही तर तो जेवणार कसा?"

"धामण पण साप, हा पण साप. भाऊबंदाला खायला घालतोस तू त्याला."

"मग त्यात नवीन काय? तुझ्या भाऊबंदाने माझ्या शेताचा बांध किती कोरला?"

हे बोललो तेव्हा ओनसा जिन्यात बसला होता. बांध कोरणारा तोच. तो उठून गेला, आणि जाताना म्हणाला, "भाऊजी, आजपासून माझ्याकडून एक धामण मिळणार नाही. मी पण वर्षावास पाळतो." एका वाक्यात मी बायकोही घालवली आणि पुरवठाही.

पहिले दोन आठवडे काही वाटलं नाही. नागराज उपास काढतो. पण आषाढाच्या आधी महिनाभर तो कात टाकण्याच्या नादात होता, तेव्हाही त्याने काही खाल्लेलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात त्याची कातडी ढिली दिसायला लागली. पाचव्या आठवड्यात पाठीचा कणा वर आला. मी झाकण उघडलं की तो फणा काढायचा, तो आता काढेना. नुसता मान वळवून बघायचा. अंड्यातून निघाला तेव्हा माझ्या बोटाएवढा जाड होता तो. मला जेवण जाईना.

मग मी प्रयोग सुरू केले. कोंबडीचं पिल्लू बाजारातून मेलेलं आणलं, त्याने जीभ काढून वास घेतला आणि तोंड फिरवलं. अंडं ठेवलं, त्याच्यावर तो झोपला. मरळ मासा आणला, कारण त्याचं डोकं सापासारखं असतं. त्यावर धामणीची जुनी कात चोळली आणि शेपटीला धरून पेटीत हलवला, आणि तोंडाने हिस्स केलं. सिंगथोंगने आधी माशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकतीस वर्षं संसार केल्यावर बायको ज्या नजरेने बघते, तीच ती नजर.

शेवटी मी विहारात थोरल्या भन्तेंकडे गेलो. सोमचित शेजारी बसला होता. ज्याला कालपर्यंत अंघोळ कर म्हणून ओरडत होतो, त्याच्या पाया पडलो. तो गालात हसला. मी भन्तेंना विचारलं, "आपण होऊन मेलेला साप सापाला दिला, तर पाप लागतं का?"

"कुणी मारला?"

"कुणी नाही. रस्त्यावर गाडीखाली येतात ना पावसाळ्यात."

"तुझ्यासाठी मारला नाही, तू मारायला लावला नाही, तर दोष नाही," भन्ते म्हणाले. "आम्हाला सापाचं मांस वर्ज्य आहे. माणूस, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, अशी दहा मांसं आम्ही घेत नाही. पण तुझा नागराज काही भिक्खू नाही. फक्त रस्त्याने जाताना मनात काय येतं, तेवढं बघत जा."

मनात काय येतं, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. रोज सकाळी मी सायकल घेऊन डांबरी रस्त्याने मेलेला साप शोधत फिरायचो. ट्रक दिसला की मला बरं वाटायचं. भरधाव दिसला की जास्त बरं वाटायचं. एकदा एक हिरवा साप रस्ता ओलांडत होता आणि समोरून तांदळाचा ट्रक येत होता. ड्रायव्हरने ब्रेक लावला. साप पलीकडे गेला. मी त्या भल्या माणसाला मनातल्या मनात अशी शिवी दिली की लगेच सायकलवरून उतरून हात जोडले.

सहाव्या दिवशी धामण मिळाली. दोन-तीन ट्रकांनी मिळून ती अशी सपाट केली होती की घडी घालून पिशवीत ठेवता आली. पण पट्ट्यासारखा साप कोणता नागराज खाईल? तिला परत गोल करायला हवं होतं. आणि गोल करायची युक्ती माझ्याच ओट्यावर टांगलेली होती.

दोन दिवसांनी श्रावणातली, आमची पितरांची अमावास्या होती. त्या दिवशी अख्खं गाव विहारात जेवण नेतं, आणि बुआलाची आंबट सॉसेजं नसली तर गावाला अमावास्या झाल्यासारखी वाटत नाही. डुकराचं मांस, भात आणि लसूण आतड्यात भरायचा, दोऱ्याने गाठी मारून लिंबाएवढे गोळे करायचे आणि बांबूवर दोन दिवस आंबत ठेवायचे. तिने उरलेलं आतडं टोपलीत टाकलं होतं. ती विहिरीवर गेल्यावर मी धामणीचा खिमा केला, त्यात बाजारची कोंबडी घातली आणि दोन हात लांब, एकही गाठ नसलेलं, सापासारखं सॉसेज भरलं. वरून कात चोळली. ओलं होतं, लगेच दिलं असतं तर फुटलं असतं. म्हणून बांबूच्या अगदी टोकाला, तिच्या माळांच्या मागे, ते वाळायला टांगलं.

अमावास्येच्या सकाळी मी म्हशी बांधावर सोडून परत आलो, तर बांबू रिकामा. तिच्या माळा नाहीत आणि माझं लांबडंही नाही. घरात कुणी नाही. चुलीत निखारे आणि घरभर भाजलेल्या सॉसेजचा वास.

गाठी मारायच्या राहिल्या असं समजून बुआलाने त्यालाही गाठी मारल्या असणार. भाजलं असणार. थोरले भन्ते आणि माझा पोटचा पोरगा, वर्षावासात, तिच्या हातून साप खाणार होते.

सायकल मी कशी चालवली ते मला आठवत नाही. विहारात पोचलो तेव्हा ताटं भिक्खूंच्या हाती देऊन झाली होती आणि सगळा गाव हात जोडून बसला होता. थोरल्या भन्तेंच्या पुढ्यात बुआलाचं ताट, त्यात गोल गोल अकरा सॉसेजं, तांबूस भाजलेली. मी गुडघ्यांवर सरकत पुढे निघालो.

ओनसाने माझा पंचा धरला. "भाऊजी, कुठे चाललात? बायका तिकडे बसल्यात, पुरुष इकडे."

"सोड. ताट परत घ्यायचंय."

"दिलेलं दान परत घेणार? आणि कशाला?"

काय सांगू? सगळ्या गावासमोर सांगितलं असतं, तर बुआलाने पुन्हा कधी ओट्यावर बांबू बांधला नसता. तेवढ्यात भन्तेंनी हात पुढे केला. मी झेप घेतली, ताट ओढलं आणि पहिलं सॉसेज तोंडात टाकलं.

सभागृहात असा आवाज झाला, जसा पत्र्यावर पहिला नारळ पडल्यावर होतो.

"बाबा!" सोमचित म्हणाला. तीन महिने त्याने मला उपासक म्हणायचं होतं.

मी दुसरं टाकलं. तिसरं टाकलं. गरम होती. डोळ्यांतून पाणी आलं. भन्ते शांतपणे म्हणाले, "खामता, हळू. पाणी घे." मी पाणी घेतलं नाही, कारण थांबलो असतो तर कुणीतरी ताट ओढून घेतलं असतं. पाचव्याला मला चव कळायला लागली. लसूण, आंबटपणा, कडेला करपलेला भात. धामण इतकी चवदार लागते हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. सिंगथोंग उगाच हट्ट करत नव्हता, असं वाटलं. आठवं मी थोडं सावकाश खाल्लं. अकरावं संपलं तेव्हा मी ताट खाली ठेवलं आणि तीनदा डोकं टेकलं.

"पितरं पण एवढं खात नाहीत," ओनसा मागून म्हणाला, आणि अख्खं विहार हसलं. बुआला हसली नाही. तिने रिकामं ताट उचललं आणि चालायला लागली.

घरापर्यंत मीच बोललो. सगळं सांगितलं: रस्ता, ट्रक, घडी घातलेली धामण, दोन हात लांब सॉसेज. "सोमचितला पाप लागू नये म्हणून खाल्लं गं. तुझं नाव जाऊ नये म्हणून खाल्लं."

ती पेटीपाशी थांबली. "झाकण उघड," ती म्हणाली.

मी उघडलं. सिंगथोंग वेटोळं घालून पडला होता. त्याच्या पोटाच्या मधोमध, दोन हात लांबीचा, चांगला गरगरीत फुगवटा होता. त्याने मला बघितलं आणि फणा काढला. कित्येक दिवसांनी.

"सकाळी माळा काढायला गेले, तर मागे ते लांबडं लटकलेलं," बुआला म्हणाली. "गाठ नाही, लसूण नाही आणि वास असा की बांबू धुवावा लागला. माणसासाठी नाही एवढं कळलं मला. इतकी वर्षं सॉसेजं करते मी."

"मग?"

"मग काय? झाकण उघडलं. टाकलं. झाकण लावलं."

"तू उघडलंस?"

"मेलेलंच होतं ना ते? तुझे भन्ते काय म्हणाले ते सोमचितने मला त्याच दिवशी सांगितलं होतं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली. पण तो फणा काढत नव्हता. नुसता बघत होता. सोमचित तान्हा असताना दूध उशिरा मिळालं की असाच बघायचा." मग ती म्हणाली, "मेल्या, तू खाल्लंस ते माझं होतं. आईच्या नावाने केलं होतं मी."

मी पायरीवर बसलो. पोट जड झालं होतं.

"चांगलं झालं होतं," मी म्हणालो.

"ते सगळ्या गावाने बघितलं," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती हसली.

भन्तेंनी मला शिक्षा म्हणून वर्षावास संपेपर्यंत विहाराचं अंगण झाडायला लावलं. गावाने माझं नाव 'अकरा' ठेवलं. ओनसाची मुलगी आपल्या मुलाला अजून 'अकरा आजोबांना नमस्कार कर' म्हणते. जिवंत धामणी मात्र पुन्हा आल्या नाहीत. पुढे आमच्या बांबूवर कायम दोन प्रकारची सॉसेजं टांगलेली असत. पांढऱ्या दोऱ्याची विहारासाठी, काळ्या दोऱ्याची खालच्या पेटीसाठी. दोन्ही बुआलाच भरायची. काळ्या दोऱ्याच्या सॉसेजात ती पुढे थोडा लसूण घालायला लागली. त्याला आवडतो, असं तिचं म्हणणं होतं. झाकणही तीच उघडायची. मी रस्त्यावरून आणायचं आणि ड्रायव्हरांबद्दल मनात काय येतं ते बघत जायचं, एवढंच माझं काम.

आता माळा मी भरतो. गाठी सैल पडतात आणि आंबटपणा जमत नाही. पितरांच्या अमावास्येला तिच्या नावाने अकरा नेऊन ठेवतो आणि हात मागे बांधून बसतो. थोरले भन्ते एक तोंडात टाकतात आणि माझ्याकडे बघतात.

सिंगथोंग म्हातारा होऊन मेला, सोमचितने चीवर घातलं त्यानंतर आठव्या वर्षी, चैत्रात. बुआला त्याच्या पुढच्या वर्षी, माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.