पाच मिनिटं, परिस्थिती पाहून

गेरलिंडे रेम्फरबाईंनी मंगळवारी सकाळी पावाला लोणी लावता लावता नवऱ्याला सांगितलं, की येत्या सोमवारी आपण ल्युबेकला धाकट्या बहिणीकडे जाणार आहोत.

“किती दिवस?” डॉक्टर विनफ्रीट रेम्फर यांनी वर्तमानपत्राच्या आडून विचारलं.

“बघू.”

डॉक्टरांनी पान उलटलं.

“ती एकटी असते रे,” गेरलिंडे म्हणाल्या. “आणि इथे तरी मला बोलायला कोण आहे?”

डॉक्टर त्या वेळी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. ‘मी आहे ना’ असं म्हणावं असं त्यांच्या मनात आलं. पण त्याला पुरावा काय, हा प्रश्नही लगेच मनात आला, आणि त्यांनी पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

(डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत. जुन्या लॅटिन पोथ्यांच्या समासात कोणी काय खरडून ठेवलंय, यावर त्यांनी पदवी मिळवली होती. घरात कोणाला ताप आला की सगळ्यांत आधी तेच घाबरत.) विद्यापीठाच्या ग्रंथालयात अडतीस वर्षं त्यांनी पोथ्यांच्या याद्या केल्या. निवृत्त झाल्यावर घरी बसून त्या याद्यांतल्या चुका शोधायला लागले, आणि त्या इतक्या सापडल्या की बायकोशी बोलायला सवडच उरली नाही. पण त्या दिवशी दुपारभर त्यांच्या कानात तो एकच शब्द वाजत राहिला. बघू म्हणजे काय? तीन आठवडे? नाताळपर्यंत? की लोक काही सोडून देताना म्हणतात तसलं बघू?

संध्याकाळी ते पुलाजवळच्या पर्यटन कचेरीत गेले. कोणी ओळखीचं बघत नाही ना, याची खात्री करून त्यांनी ‘जुन्या शहरात दोघांसाठी एक दिवस’ हे गुलाबी पत्रक उचललं.

“ट्युबिंगनला पहिल्यांदाच आलात का?” खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

डॉक्टर या गावात पंचावन्न वर्षं राहत होते. “हो,” ते म्हणाले. मुलीनं शहराचा नकाशाही दिला, आणि स्टेशन कुठे आहे ते लाल पेनानं दाखवलं.

शनिवार ठरला. बेत गुप्त. डॉक्टरांनी तो टंकलेखन यंत्रावर उतरवला. नऊ वाजता बाजारचौकात फुलं. दहाला चर्चच्या मनोऱ्यावर. साडेअकराला नेकार नदीत होडी. एकला जेवण, खिडकीजवळचं टेबल. चारला केक. सहाला किल्ल्यावरून सूर्यास्त. मधे एक ओळ त्यांनी तीन वेळा खोडून चौथ्यांदा टंकली: ‘११.४५ ते ११.५०: हात धरणे (परिस्थिती पाहून).’

होडीची दोन तिकिटं आली, टेबल ठरलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता कचरा टाकायला निघालेल्या डॉक्टरांना आपल्याच दारावर सोमवारपासून लटकत असलेली झाडलोटीची पाटी प्रथमच दिसली.

आमच्या ट्युबिंगनमध्ये अनेक बिऱ्हाडांच्या घराघरांत ही पाटी असते. ज्यांच्या दारावर ती, त्यांचा तो आठवडा झाडलोटीचा. जिना, तळघर, दारापुढचा फरसबंद रस्ता, सगळं शनिवारी दुपारपर्यंत लख्ख झालं पाहिजे. पाटी दारावर असताना गेरलिंडे रेम्फर घराबाहेर पडल्याचं एकेचाळीस वर्षांत एकही उदाहरण नव्हतं. त्यांची कन्या जन्मली ती शनिवारी दुपारी. जिना सकाळीच पुसून झाला होता.

 बायकोला सगळं सांगून टाकावं, हा सोपा उपाय होता, म्हणूनच तो डॉक्टरांना सुचला नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पाटी खिळ्यावरून उचलली, आणि समोरच्या दारावर, म्हणजे म्योसिंगरबाईंच्या दारावर अडकवायला गेले. घाईत दोरी तुटली. डॉक्टरांनी गाठ मारली, पाटी लटकवली आणि चोरासारखे घरात शिरले. (चोर जरा सावकाश शिरत असावेत. डॉक्टरांचा पाय पायपुसण्यात अडकला.)

आता म्योसिंगरबाईंची एक गोष्ट सांगायला हवी, जी साऱ्या घराला ठाऊक होती आणि डॉक्टर विसरले होते. बाई ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना ऐंशी पूर्ण झाली, तेव्हा घरातल्या बाकी तिन्ही बिऱ्हाडांनी एकमतानं त्यांना झाडलोट माफ केली होती. समारंभ झाला, फुलझाडाची कुंडी दिली. कुंडी डॉक्टरांनीच धरली होती.

शनिवारी सकाळी आठला डॉक्टर नवा टाय बांधून न्याहारीला बसले, घसा साफ केला, आणि “गेरलिंडे, आज...” एवढं म्हणाले. तोच घंटी वाजली.

दारात म्योसिंगरबाई. अंगात निळा एप्रन, डोक्याला रुमाल, हातात पाटी.

“रेम्फरबाई,” त्या म्हणाल्या, “बादली पूर्वीच्याच जागी असते ना हो तळघरात?”

गेरलिंडेंनी पाटीकडे पाहिलं. मग दोरीकडे पाहिलं. मग वळून नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. डॉक्टर अंड्याचं टोक फोडण्यात गढून गेले होते.

“मला वाटलं, तुम्ही सगळे मला विसरलात,” म्योसिंगरबाई म्हणाल्या. “दोन वर्षं माझी घंटी वाजली नाही. पूर्वी निदान पाटी घेऊन कोणी यायचं, ‘कोपरे नीट काढा बरं का’ म्हणून टोमणा मारायचं. बरं वाटायचं.”

“थांबा, मीपण येते,” गेरलिंडे म्हणाल्या. “तीन मजले एकटीनं कसे करणार? विनफ्रीट, तू बाहेर जा फिरायला. पायात येऊ नकोस.”

“साडेअकराला पुलाखाली येशील का? धक्क्यावर?”

“कशाला?”

“असंच.”

“बघू,” गेरलिंडे म्हणाल्या, आणि त्या एप्रन शोधायला गेल्या.

फुलं डॉक्टरांनी एकट्यानं घेतली. फुलवाल्या बाईनं “भाग्यवान आहे हो कोणीतरी!” असं म्हटलं, तेव्हा त्यांना दचकायला झालं. मनोरा एकट्यानं चढले. वर एका जोडप्यानं त्यांच्या हाती फोन देऊन फोटो काढायला सांगितला, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. अर्ध्या तासात ते त्या मनोऱ्यावरचे मानलेले छायाचित्रकार झाले. एका गृहस्थानं तर त्यांना एक युरो देऊ केला. वरून त्यांना आपलं घर दिसत होतं. दारापुढच्या रस्त्यावर दोन ठिपके होते, एक निळा, एक पांढरा, आणि ते एकमेकांपासून हलत नव्हते.

साडेअकराला धक्क्यावर सहा जोडपी होती आणि डॉक्टर होते. होडी लांब काठीनं ढकलणारी मुलगी धर्मशास्त्र शिकत होती आणि तिला घाई होती.

“तुमच्या बरोबरच्या बाई?”

“येतायत.”

पाच मिनिटं सगळे थांबले. सहा जोडप्यांनी बारा तोंडांनी उसासे टाकले.

“नाही येत वाटतं,” डॉक्टर म्हणाले, जणू आपलीच चूक असावी तसे. (तशी ती होतीच.) आणि ते दोघांच्या बाकावर मधोमध बसले, कारण एका कडेला बसले की होडी कलायची. काठीचं पाणी त्यांच्या कोटावर निथळत राहिलं.

काठीवाल्या मुलीनं पिवळ्या घरांच्या रांगेकडे बोट दाखवून एक गोष्ट सांगितली, की त्या खिडकीतून एक मुलगी रोज दोऱ्याला बांधून चिठ्ठी खाली सोडायची आणि तिचा प्रियकर होडीतून ती झेलायचा. जोडपी एकमेकांना बिलगली.

“त्या भिंतीला त्या काळी खिडकी नव्हती,” डॉक्टरांच्या तोंडून गेलं.

सगळी होडी त्यांच्याकडे पाहायला लागली.

“असेलही,” ते घाईनं म्हणाले. “मी कुठे होतो तेव्हा.”

पण जोडपी जरा सैल झाली ती झालीच. शेजारच्या बाईनं नवऱ्याच्या कानात पुटपुटून विचारलं, “यांना सोडून गेली असेल का रे?” आणि नवरा म्हणाला, “नक्कीच.” डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. अकरा सत्तेचाळीस. बेताप्रमाणे आता हात धरण्याची वेळ होती. त्यांनी परिस्थिती पाहिली, आणि फुलांचा गुच्छ दोन्ही हातांनी धरला. पाच मिनिटं पुरी केली.

जेवण ‘दोघांसाठी’ असं एकत्रच ठरलेलं होतं, ते अर्धं करता येईना. वाढणाऱ्या बाईनं दुसऱ्या खुर्चीपुढेही सार ठेवलं, काही न विचारता मेणबत्ती मात्र विझवली. डॉक्टरांनी आपल्या वाटचं खाल्लं, मग उठून समोरच्या खुर्चीवर जाऊन गेरलिंडेंच्या वाटचं खाल्लं. तिथून त्यांना आपली रिकामी खुर्ची दिसली. ती दिसायला जशी होती, तशीच ती गेरलिंडेंना रोज न्याहारीला वर्तमानपत्रामागे दिसत असणार, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी चमचा खाली ठेवला.

केक आणि सूर्यास्त त्यांनी रद्द केला. पाच वाजता ते घरी आले.

जिना असा चकाकत होता की डॉक्टरांना त्यात आपला टाय दिसला. त्यांनी बूट काढले. मधल्या वळणावर, खालून सहाव्या पायरीवर, गेरलिंडे आणि म्योसिंगरबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. मधे प्लमचा केक, दोन पेले, वाईनची अर्धी बाटली. आणि गेरलिंडे हसत होत्या, मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हे हसणं डॉक्टरांच्या ओळखीचं होतं, पण त्यांनी ते कुठे ऐकलं होतं ते आठवायला त्यांना बरंच मागे जावं लागलं.

“आलास का!” गेरलिंडे म्हणाल्या. “मी म्योसिंगरबाईंना सांगितलं सगळं. गाठ पाहिली तेव्हाच ओळखलं मी. दोन वेढे, एक फास, टोक आत. पोथ्यांचे गठ्ठे बांधणाऱ्याशिवाय कोण मारतं अशी गाठ? म्हटलं, या माणसाला म्योसिंगरबाईंचं एकटेपण दिसलं. आपल्या कोणाला नाही दिसलं, आणि याला दिसलं!”



“आणि वर फुलं!” म्योसिंगरबाईंनी हात पुढे केले. “माझ्यासाठी? अहो डॉक्टरसाहेब!”

आता काय बोलणार? डॉक्टरांनी मोजे घातलेल्या पायांनी दोन पायऱ्या चढून गुच्छ त्यांच्या हाती दिला.

“कोट दे तो, भिजलाय,” गेरलिंडे म्हणाल्या. त्यांनी कोट झटकला आणि खिशातून टंकलेला कागद खाली पडला. तो उचलून त्यांनी वाचायला घेतला. वाचता वाचता हसू ओसरलं. एका ओळीवर त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि ती पुन्हा वाचली.



“म्हणजे पाटी यासाठी हलवलीस?”

“हो.”

“आणि दिवसभर हे सगळं एकट्यानं केलंस?”

“केक आणि सूर्यास्त सोडून.”

“सकाळी तोंडानं सांगता येत नव्हतं?”

“तू बघू म्हणालीस.”

“अरे, मी बघू म्हणते तेव्हा मला पुन्हा विचारायचं असतं!” गेरलिंडेंचा आवाज चिरकला. “एकेचाळीस वर्षं झाली, विनफ्रीट. मंगळवारी मी वाट पाहिली. तू पान उलटलंस.”

डॉक्टर पायरीवर बसले. म्योसिंगरबाई फुलांचा वास घेण्यात मनापासून रमल्या होत्या.

“किती दिवस जाणार आहेस?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

 गेरलिंडेंनी घड्याळ पाहिलं. “पाच पंचवीस. साडेपाचपर्यंत,” असं म्हणून त्यांनी साबणानं सुरकुतलेला आपला हात नवऱ्याच्या हातात ठेवला. डॉक्टरांनी तो एखादं जुनं, सुटं पान धरावं तसा धरला.

“आपली पाळी पुन्हा येईल तेव्हा परत येईन,” त्या म्हणाल्या. “नाहीतर जिना कोण करणार? तू करशील?”

डॉक्टरांना आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर अक्कल सुचली. “छे छे,” ते म्हणाले. “मला नाही जमायचं.”

पाळी दर तीन आठवड्यांनी येते. तीनच आठवडे! डॉक्टरांच्या छातीवरचा दगड उतरला.

“चार,” म्योसिंगरबाई फुलांतून डोकं वर काढून म्हणाल्या. “चार आठवडे, डॉक्टरसाहेब. आता मी आहे ना. आधी खालचे, मग माडीवरचे, मग माझी पाळी, आणि मग तुमची. माझी मी सोडायची नाही हं आता!”

गेरलिंडेंनी ती बेरीज ऐकली, आणि त्या पुन्हा मान मागे टाकून हसल्या. हात मात्र साडेपाचपर्यंत काढला नाही.

सोमवारी डॉक्टरांनी त्यांना गाडीत बसवून दिलं. (स्टेशन नकाशावर लाल पेनानं दाखवलेलं होतंच.) परत आले तर घर गप्प होतं. पाटी नियमाप्रमाणे तळमजल्यावरच्या दारावर गेली होती. डॉक्टर तिच्यासमोर उभे राहिले. तळमजल्यावरचे लोक कामाला गेले होते. ही पाटी जरा लवकर, एकच दार पुढे सरकली, तर आठवडा वाचेल, असा त्यांनी हिशेब केला, चारही बाजूंना पाहिलं, आणि हात पुढे केला.

“डॉक्टरसाहेब!” वरच्या कठड्यावरून आवाज आला. म्योसिंगरबाई निळ्या एप्रनमध्ये ओणवून पाहत होत्या. “हात लावू नका. तुमची गाठ आता सगळं घर ओळखतं.”