बिरादार सरांची फक्की

किशनराव बिरादार सर कुणाच्याही घरी गेले, तरी बसण्याआधी खुर्ची झाडतात. रुमालानं नव्हे. लोक जिथं पेन लावतात त्या खिशात त्यांचा एक आखूड ब्रश असतो. तो काढायचा, कमरेत वाकायचं, चार झटके मारायचे आणि मग टेकायचं. त्यातही घरच्या माणसांकडे पाठ होऊ नये म्हणून खुर्चीला वळसा घालून ते पलीकडून वाकतात. आमच्या घरी पहिल्यांदा हा सोहळा झाला तेव्हा बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "सकाळीच झाडलंय की मी सगळं. ह्यांना कुठं धूळ दिसून राहिली?"

धूळ दिसत नव्हती. सरांना खुर्चीत होम प्लेट दिसत होती. सॉफ्टबॉलमध्ये बॅट घेतलेला खेळाडू जिच्या बाजूला उभा राहतो, ती जमिनीत बसवलेली पांढरी पाटी म्हणजे होम प्लेट. ती झाडून ठेवणं हे अंपायरचं काम, आणि प्रेक्षकांकडे पाठ करून वाकू नये ही अंपायरची रीत. तीस वर्षं अंपायरकी केलेल्या माणसाची कंबर ही रीत सोयऱ्याधायऱ्यांत तरी कशी विसरणार?

लातूरला आम्ही एकाच शाळेत. ते खेळाचे, मी मराठीचा, आणि घरं एकाच गल्लीत समोरासमोर. तास बुडवून मैदानावर पळालेली पोरं हुडकून आणणं, एवढाच माझा खेळाशी संबंध होता. पण सरांनी एकदा माझं फळ्यावरचं अक्षर पाहिलं आणि "ह्यो माणूस स्कोरर हाय" असा निकाल दिला. त्यांच्या निकालावर अपील चालत नाही. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी मैदानाच्या कडेला टेबल टाकून, डोक्यावर टोपी आणि मनात शिव्या घेऊन गुणपत्रक भरत असतो.

आता सरांचा जीव ज्या नियमात अडकलाय तो नियम सांगतो. तीन चेंडू हुकले, म्हणजे तीन स्ट्राइक झाले, की बॅटर आऊट, हे आमच्या शिपायालाही माहीत आहे. पण तिसरा चेंडू मागच्या कॅचरनं अधांतरी, नीट झेलला पाहिजे. तो हातातून निसटला किंवा जमिनीवर टप्पा पडून हातात आला, तर बॅटर आऊट नाही. त्यानं पहिल्या बेसकडे, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या ठाण्याकडे, पळत सुटायचं. चेंडू त्याच्याआधी बेसवर पोचला तर आऊट, नाहीतर तो सेफ. (याला आणखी दोन-तीन पोटनियम आहेत. ते सरांना विचारू नका, रात्रीचं जेवण बुडेल.)

क्रिकेटवर पोसलेल्या आमच्या मुलखाला हा नियम पटत नाही. "चुकला तो चुकला, वर पळून कसा जातो?" असं कुणी म्हणालं की सर चहाच्या हॉटेलात लिंबू आणि पेला मागवून प्रात्यक्षिक देतात. लिंबू पेल्यात पडलं तर औट. टेबलावर आपटून पेल्यात गेलं तर? "पळ!" असं ते इतक्या मोठ्यानं ओरडतात, की एकदा हॉटेलातलं एक गिऱ्हाईक खरोखरच पळालं.

मैदानावरचा नियम मैदानावर ठेवतील तर ते बिरादार सर कसले! आमच्या शाळेतल्या मारोती शिपायाची बदली झाल्याची बातमी आली. मारोती डोक्याला हात लावून बसला. सर म्हणाले, "कागद हातात पडला का? न्हाई ना? मंग कामून बसून राहिला? पळ हापिसात." मारोती पळाला. बदली दुसऱ्याच मारोतीची निघाली. माझी मुलगी बारावीनंतरच्या परीक्षेत आपटली. लातुरात त्या निकालाच्या दिवशी एक तर पेढे वाटतात नाहीतर दार लावून घेतात. आम्ही दार लावलं होतं. सरांनी ते ठोठावलं, खुर्ची झाडली आणि पोरीला म्हणाले, "तिसरा स्ट्राइक झाला, मान्य. पण झेल कुठं झाला? पळ की गं." ती पुन्हा बसली, जनावरांची डॉक्टर झाली, आणि आता सरांच्या म्हशीला फुकट तपासते.

पण ब्रश आणि हे "पळ" बाजूला राहू द्या. सरांची खरी कीर्ती फक्कीसाठी. फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी भुकटी. सगळे अंपायर तिच्या रेषा मारतात. आमचे सर त्याशिवाय होम प्लेटच्या मागं, कॅचरच्या पायांपुढं, हातभर लांब आणि वीतभर रुंद असा फक्कीचा पट्टा अंथरतात. दर बॅटरनंतर तो पुन्हा सारखा करतात. नियमाच्या पुस्तकात असलं काही नाही. बाकीचे अंपायर म्हणतात, "सर, रांगोळी झाली असंल तर खेळ सुरू करू." सर म्हणतात, "दम धरा." एका दिवाळीत काकूंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, त्यातलीच मूठभर घेऊन अंगणात रांगोळी काढली. सर उकिडवे बसून त्या रांगोळीकडं बघत म्हणाले, "हितं मांजराचा टप्पा पडलाय." काकूंनी झाडू घेतला तेव्हा उठले.

मीही या पट्ट्याला वर्षानुवर्षं हसत आलो. गेल्या हिवाळ्यापर्यंत.

विभागाच्या शालेय स्पर्धा नांदेडला होत्या. आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं निघालो. सरांचे गुडघे गेलेले, त्यामुळं ही त्यांची शेवटची स्पर्धा होती. बाक झाडून झाला. मी मुलींच्या अंतिम सामन्याचा कागद वाचून दाखवला: धर्माबाद विरुद्ध आमच्याच लातूर जिल्ह्यातलं जळकोट. जळकोटच्या मार्गदर्शक, महानंदा केंद्रे.

सरांनी कागद माझ्या हातातून घेतला. अहमदपूर गेलं, लोहा आलं, तरी कागद त्यांच्या हातातच. मग एकदम म्हणाले, "त्या पोरीला म्या औट दिलंय."

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्याचा अंतिम सामना, शेवटचा चेंडू, बॅटवर जळकोटची दहावीतली महानंदा. बक्षीस वाटायला आलेल्या पाहुण्यांना पुढं लग्नाला जायचं होतं. संयोजक येऊन येऊन सरांच्या कानाला लागत होते, "सर, आटपा. साहेब खोळंबलेत." तिसरा चेंडू हुकला. ती पळायला लागली. सरांनी न बघताच "औट!" म्हणून आरोळी ठोकली. ती दोन पावलांवर थांबली. हार-तुरे झाले, साहेब गेले, जळकोटच्या मुली टेम्पोत बसून रडत रडत गेल्या. मग प्लेट झाडायला सर वाकले, तर मागच्या मातीत चेंडूच्या टप्प्याचा गोल खळगा.

"म्या संयोजकाला म्हणलं, फैसला चुकला. ते म्हणले, सर, सत्कार झाला, आता कशाला उकरून राहिलेत?" सर खिडकीबाहेर बघत होते. "ती पोरगी औट नव्हती हो. माझ्या घाईनं तिला औट केलं."

म्हणजे ती फक्की त्या दिवसापासूनची! मला माझ्या सगळ्या टवाळीची लाज वाटली.

नांदेडला उतरल्या उतरल्या सरांनी संयोजकांना गाठलं आणि अंतिम सामन्याला आपल्याला होम प्लेटमागं नको, पहिल्या बेसवर उभं करा, अशी विनंती केली. संयोजक म्हणाले, दुसरे पंच नवखे आहेत, तुम्हीच पाहिजेत. सरांनी ब्रश काढला, प्लेट झाडली, फक्की अंथरली आणि उभे राहिले. मला एवढंच दिसत होतं, की आज या माणसाला पुन्हा चुकायची मुभा नाही.

सामना कसला, भांडणच होतं ते. शेवटचा डाव, दोन्हीकडं तीन-तीन धावा. बॅटिंग जळकोटची, दोन मुली आऊट झालेल्या, एक मुलगी तिसऱ्या बेसवर. ती घरी, म्हणजे होम प्लेटवर, आली तर जळकोट राज्य स्पर्धेला जाणार, नाहीतर डाव पुढं वाढणार. आणि मांडवात पाहुणे घड्याळ बघत होते. संयोजक धावत आले. मी माझ्या कानांनी ऐकलं, "सर, जरा आटपा. साहेबांना निघायचंय."

सरांनी मुखवटा वर केला. "साहेबांना म्हणावं, च्या घ्या. दुसराबी घ्या."

तिसरा चेंडू आला. बॅट फिरली, हुकली. कॅचरनं खाली झुकून चेंडू उचलला आणि हात उंच केला. धर्माबादच्या मुली उड्या मारत आत पळाल्या. सगळं मैदान सरांच्या तोंडाकडं बघत होतं. सर म्हणाले, "स्ट्राइक तीन." आणि गप्प. औट नाही, काही नाही.

त्या गप्पपणात बाहेरून एका बाईचा आवाज फुटला, "पळ गं!" खरं तर बॅटर आधीच सुटली होती. अंपायरच्या तोंडाकडं न बघणारी मैदानावर ती एकटीच. कॅचर अजून हात वर करून नाचत होती, तोवर ही पहिल्या बेसवर पोचली आणि तिसऱ्या बेसवरची घरी आली. सरांनी दोन्ही हात फाकले. "सेफ! रन झाली!"

मग जे व्हायचं ते झालं. धर्माबादचे मार्गदर्शक मैदानात घुसले. "आवो सर, हे काय करून राहिलेत तुम्ही? चेंडू आमच्या पोरीच्या हातात हाय! लातूरचा अंपायर लातूरकडंच झुकणार!" मागून दहा-पंधरा माणसं आली.  सर दोन्ही पाय फाकून, हात पसरून, अंड्यांवरच्या कोंबडीसारखे त्या पट्ट्यावर उभे राहिले. कुणाचा पाय म्हणून पडू दिला नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी ते तसे किती वेळ उभे होते देव जाणे. सगळे दमल्यावर म्हणाले, "आता एकेकानं या आणि बघा."

मार्गदर्शक वाकले. मीही टेबल सोडून गेलो. पांढऱ्या फक्कीत मधोमध गोल खळगा होता, आणि खळग्यात चेंडूच्या शिवणीचे टाकेसुद्धा उमटले होते. सरांनी कॅचरला जवळ बोलावलं. "बाळ, चेंडू दाखव." तिनं मूठ उघडली. पिवळ्याधमक चेंडूच्या एका अंगाला पांढरा डाग. पोरीनं डागाकडं पाहिलं, आपल्या सरांकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "टप्पा पडला होता सर."

"शाब्बास," बिरादार सर म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आज हरलीस, पण खरं बोललीस. तू आंपायर व्हशील." धर्माबादच्या मार्गदर्शकांनी मोठ्या मनानं हात पुढं केला. जळकोटच्या मुलींनी जो कल्ला केला तो गोदावरीच्या पलीकडं ऐकू गेला असेल. पाहुण्यांचा तोवर तिसरा चहा चालू होता.

बक्षिसं झाली, मांडव रिकामा होऊ लागला. सर फक्कीच्या डब्याला झाकण लावत होते. महानंदाबाई आल्या, गळ्यात शिट्टी, पायांत बूट, आणि नमस्काराला वाकल्या. सरांनी त्यांना अर्ध्यातच थांबवलं, टोपी काढली.

"बाई, त्या दिवशी टप्पा पडला होता. म्या घाई केली. माझं चुकलं."

बाई सरळ उभ्या राहिल्या. "मला म्हाईत होतं सर. टप्प्याचा आवाज आला होता मला. पळालेबी दोन पावलं. तुम्ही औट म्हणलात आन् मी थांबले. लई दिवस तुमचा राग आला, मंग माझाच आला. म्हून पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवते, अंपायर काय बी म्हणू द्या, बेस येईपर्यंत थांबायचं न्हाई."

 सरांनी खिशातला ब्रश काढला, आम्हा सगळ्यांना वळसा घालून होम प्लेटच्या पलीकडं गेले, वाकले आणि पाटी लख्ख झाडली.

"ये पोरी," ते म्हणाले. "तुझं पळायचं राह्यलंय."

बाई आधी हसल्या. मग त्यांना कळलं की सर हसत नाहीत. त्या प्लेटशी उभ्या राहिल्या, ओढणी कमरेला बांधली आणि सुटल्या. त्यांच्या पोरी ओरडत होत्या, धर्माबादची ती कॅचरसुद्धा ओरडत होती. बाईंचा पाय बेसवर पडेपर्यंत सर हलले नाहीत. पडल्यावर त्यांनी दोन्ही हात असे फाकले, की शर्टाची शिवण उसवली.

"सेफ!"

पाहुण्यांची गाडी फाटकाशी थांबली आणि आत काय झालं म्हणून काच खाली झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी मी बायकोला फक्की गेली असं सांगितलं, पण इथं खोटं कशाला लिहू? गुणपत्रकाच्या तळाशी थोडी जागा उरली होती. तिथं मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: महानंदा केंद्रे, पहिला बेस, सेफ. सरांनी खाली सही केली.

परतीच्या गाडीत सर खिडकीपाशी गेले. बाकावर शेंगांची टरफलं पडली होती. त्यांनी ब्रशला हात लावला नाही. तसेच बसले, आणि लोहा यायच्या आत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपी गेले.